मेमधलं लग्न, आफ्रिकेतली सफारी आणि मग समुद्र: 10 रात्री कशा बसवायच्या?

अनगोळकर
नमस्कार मंडळी. लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात, बेळगावातच. हनिमूनला आफ्रिका हे दोघांचं नक्की: आधी जंगल, मग समुद्र. एकूण 10 रात्री. विमान धरून दोघांचा खर्च आठ लाखांच्या आत बसला पाहिजे. तीन प्रश्न आहेत. केनिया की टांझानिया? समुद्र टांझानियातल्या झांझिबार बेटाचा की केनियात मोंबासाजवळच्या डियानीचा? आणि लग्न झाल्यावर लगेच 10-12 मेला निघालं तर चालेल का? एजंट म्हणतोय मेमध्ये स्वस्त पडतं, आत्ताच ॲडव्हान्स भरा.

खानापूरचा_गवा
भीमगडात या की राव. गवे आम्ही फुकट दाखवतो, समुद्र म्हणून मलप्रभा.

चोर्ला_घाट
तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करा, पहिल्या दोनांची उत्तरं त्यातच आहेत. एजंट खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. मेमध्ये स्वस्त आहे कारण मेमध्ये पाऊस आहे. केनिया आणि टांझानियात मोठा पाऊस मार्च ते मे. केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेनगेटी, या दोन्ही जंगलांच्या बऱ्याच भागात काळी कापसाची माती आहे. सौंदत्ती-बैलहोंगलकडची काळी रानं पावसात कशी होतात ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लँडक्रूझरसुद्धा रुतते, मग दुसरी गाडी येऊन ओढेपर्यंत सकाळची फेरी संपलेली असते. गवत उंच, पाणी सगळीकडे, त्यामुळे जनावर पाणवठ्यावर एकत्र येत नाही. एप्रिल-मेमध्ये कितीतरी कॅम्प आणि झांझिबारची काही हॉटेलं चक्क बंद असतात.

लग्न मेमध्येच असेल तर दोन वाटा: पाच-सहा आठवडे थांबून जूनमध्ये जा, नाहीतर मेमध्येच जायचं तर देश बदला.

मेधा_टिळकवाडी
जून म्हणजे किती तारखेपर्यंत ते पंचांगात बघून ठरवा. आखाड लागला की सून माहेरी. सासूबाईंनी व्हिसा नाकारला तर अपील नाही.

चोर्ला_घाट
मेधाताई, हसण्यावारी नेऊ नका, तो मुद्दा हिशेबातही बसतो. मसाई माराची परदेशी माणसाची प्रवेश फी 30 जूनपर्यंत दिवसाला 100 डॉलर आणि 1 जुलैपासून 200. तिकीटही सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं. दोघं, तीन दिवस धरा: जूनमध्ये 600, जुलैत 1200. म्हणजे 10 ते 25 जून ही खिडकी पकडा. मोठा पाऊस सरलेला, माराची फी अर्धी, आणि बहुतेक वर्षी आखाडही लागलेला नसतो.

खानापूरचा_गवा
जूनमध्ये इकडं भाताची पेरणी. नवा जावई शेतावर हजर नाही म्हटल्यावर सासरे काय म्हणतील?

अनगोळकर
सासरे निपाणीचे, तंबाखूवाले. त्यांची लावण ऑगस्टात, त्यामुळे चालतंय. पण मेमध्येच जायचं झालं तर देश कोणता?

मेधा_टिळकवाडी
मेमध्ये जायचं तर दक्षिण आफ्रिका आणि मॉरिशस. तिथल्या क्रुगरच्या जंगलात मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा असतो. झाडी विरळ होते, जनावर पाण्यावर येतं, डासही कमी. पहाटे उघड्या जीपमध्ये कडाक्याची थंडी असते, स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागतात. जोहान्सबर्गहून मॉरिशसला थेट विमान आहे. मॉरिशसला भारतीय पासपोर्टवाल्यांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. त्या दिवसांत तिथं आग्नेयेचा वारा असतो म्हणून पूर्व किनाऱ्यावर खोली घेऊ नका. पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाककडे घ्या, तिथं पाणी शांत असतं. अडचण एकच, दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाला बँक स्टेटमेंटपासून सगळे कागद लागतात आणि वेळही जातो. लग्नाच्या धावपळीत पासपोर्ट तिकडे अडकून पडला तर जीव टांगणीला. आफ्रिकेतलीच पण मलेरिया नसलेली जागा हवी असेल तर मदिक्वे किंवा पिलानेसबर्ग बघा.

निपाणीकर_अण्णा
आमच्या गावचा जावई म्हटल्यावर बोलावं लागतंय. माझं मत केनिया. मुंबई-नैरोबी थेट विमान. नैरोबीहून नारोकमार्गे मारा पाच-सहा तासांत. माराच्या धावपट्टीवरून लहान विमान थेट उकुंडाला, म्हणजे डियानीला जातं. विमान नको असेल तर नैरोबी-मोंबासा रेल्वे आहे, 2017 पासून चालू, पाच-सहा तास. साव्होच्या जंगलातून जाते, खिडकीतून हत्ती दिसतात. मोंबासाला उतरून लिकोनीच्या फेरीने पलीकडे गेलात की डियानी. टांझानियात देखण्या जागा जास्त, पण बसून बसून कंबर मोडते.

चोर्ला_घाट
अण्णा, जुलै-ऑगस्ट असतं तर मीही मारा म्हटलं असतं. जूनच्या मध्यात विल्डबीस्टचे (शिंगवाल्या मोठ्या हरणांचे) स्थलांतर करणारे कळप बहुतेक माराला पोहोचलेले नसतात, ते सेरेनगेटीच्या पश्चिम पट्ट्यात ग्रुमेटीच्या बाजूला आणि तिथून उत्तरेकडे असतात. मारात सिंह-चित्ते बाराही महिने दिसतात, तो भाग वेगळा. पण ब्रोशरवर मगरी आणि नदीत उड्या मारणारे विल्डबीस्ट छापून "जून स्पेशल" विकणारे पुष्कळ आहेत. मारा नदीवरचं ते दृश्य साधारण जुलै ते ऑक्टोबरचं. हाच फोटो फेब्रुवारीच्या पॅकेजवरही असतो. फेब्रुवारीत कळप दक्षिणेला एन्डुटूकडे पिल्लं घालत असतात. तेही बघण्यासारखं, पण तिथं ती नदी नाही.

दुसरं, केनियाला जाऊन आलं की परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचं सर्टिफिकेट लागतंच. केनियाहून झांझिबारला गेलात तर तिथंही मागतात. सर्टिफिकेट नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण.

डॉ_हिंडलगा
लशीचं सांगतो. टांझानिया ठरवलं तरी घ्याच. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असतं आणि मधला मुक्काम 12 तासांच्या वर लांबला की नियम बदलतात. सर्टिफिकेट लशीनंतर 10 दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठराविक सरकारी केंद्रांवरच मिळते. बेळगावकरांना मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय सोयीचं. एका कुपीत अनेक डोस असतात आणि उघडल्यावर काही तासांत संपवावी लागते, म्हणून ठरलेल्या दिवशीच देतात. आधी नंबर लावा, मूळ पासपोर्ट न्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी सांगा. ही जिवंत विषाणूची लस आहे, काहींना पुढच्या आठवड्यात कसर येते. हळदीच्या तोंडावर घेऊ नका, महिनाभर आधी उरका.

मलेरियाच्या गोळ्या: डॉक्सीसायक्लिन स्वस्त, रोज 100 मिलिग्रॅम, निघण्याच्या 1-2 दिवस आधीपासून परतल्यावर 4 आठवडे. हनिमूनवाल्यांसाठी दोन खोड्या. एक, उन्हाने कातडी भाजते, आणि तुम्ही शेवटचे चार दिवस समुद्रावर. दोन, दिवस राहण्याची शक्यता असेल तर ही गोळी नकोच. शिवाय जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला जखम होते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर 7 दिवसांत सुटका. कुठली घ्यायची ते डॉक्टरला तपासून विचारा, इथं वाचून मेडिकलमधून उचलू नका. परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "आफ्रिकेला जाऊन आलोय" हेच सांगा.

मेधा_टिळकवाडी
नावाचं कुणीच बोललं नाही. पासपोर्टवर नवरीचं माहेरचं नाव असेल तर तिकीट, ई-व्हिसा, लशीचं सर्टिफिकेट, इन्शुरन्स, सगळं त्याच नावावर. लग्नपत्रिकेवरचं नवं नाव, नवं आडनाव यातलं काहीही नको. घाईत पासपोर्ट बदलायला टाकू नका, परत येऊन निवांत करा. पासपोर्टवर पतीचं नाव नसल्याने कोणी अडवत नाही. सहा महिन्यांची मुदत आणि कोरी पानं शिल्लक आहेत का तेवढं बघा. टांझानियाचा ई-व्हिसा माणशी 50 डॉलर, केनियाचा ईटीए (ऑनलाइन प्रवास परवाना) 30. दोन्ही सरकारी साइटवरून काढा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट उकळतात. झांझिबारला 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथल्या सरकारी कंपनीचा प्रवासी विमा सक्तीचा आहे, माणशी 44 डॉलर. इथं घेतलेली पॉलिसी दाखवून तो चुकत नाही.

अनगोळकर
बापरे, हे आधी कळलं ते बरं. बायको शहापूरची, पासपोर्ट माहेरच्याच नावाचा आहे. म्हणजे टांझानिया आणि जून असं समजू? आता गाडीचा प्रश्न. एजंटने दोन दर दिलेत, "शेअरिंग" आणि "प्रायव्हेट". फरक फार आहे.

चिकोडी_एक्सप्रेस
गाडी, डिझेल, ड्रायव्हर-गाईड यांचा खर्च दोघांना तेवढाच आणि सहांना तेवढाच. एन्गोरोंगोरोच्या क्रेटरमध्ये (ज्वालामुखीच्या खोलगट विवरात) उतरायची फी तर गाडीवर असते, 250 डॉलर अधिक 18 टक्के व्हॅट, म्हणजे 295. दोघांत वाटलं की माणशी 147 पडतात, सहांत 49. म्हणून शेअरिंग स्वस्त. आणखी एक जोडपं सोबत घ्या, खर्च धाडकन खाली येतो.

खानापूरचा_गवा
हनिमूनला दुसरं जोडपं? वऱ्हाडच न्या की, सातवी सीट करवलीला.

लेन्स_आणि_लाल_माती
शेअरिंगची खरी अडचण लाजण्याची नाही, वेळेची आहे. बिबट्या झाडावर झोपलाय, तुम्हाला तासभर थांबायचंय, मागच्या सीटवाल्याला जेवायचंय. प्रायव्हेटच घ्या आणि पैसे लॉजमध्ये वाचवा. दिवसभर तुम्ही गाडीतच असणार, बाथटबचं करायचंय काय? मात्र लॉज कुठं आहे ते नकाशावर बघा. सेरोनेरा म्हणजे सेरेनगेटीचा मध्य, तिथं बाराही महिने जनावर असतं. "सेरेनगेटीजवळ" असं लिहिलेलं लॉज गेटच्या बाहेर असतं, मग रोज जाऊन-येऊन दोन-तीन तास जातात आणि पहाटेचा उजेड हुकतो.

दुर्बीण प्रत्येकाला वेगळी, 8 बाय 42 पुरते. एकच दुर्बीण नेलीत तर लग्नानंतरचं पहिलं भांडण तिथं. कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड नको. जाड कापडाची रिकामी पिशवी न्या, तिथं तांदूळ किंवा राजमा भरून छताच्या कडेवर ठेवा, लेन्स हलत नाही. ड्रोन घरी ठेवा, उद्यानांत बंदी आहे.

निपाणीकर_अण्णा
कपड्यांचं सांगा कुणीतरी. नव्या नवरीच्या बॅगेत सगळं गडद निळं आणि काळं दिसतंय.

लेन्स_आणि_लाल_माती
बरोबर पकडलंत. त्सेत्से माशी निळ्या आणि काळ्या रंगावर येते. तारांगिरे उद्यानात झाडांना निळी-काळी फडकी टांगलेली दिसतील, ते तिला मारायचे सापळेच आहेत. जीन्सवरूनसुद्धा चावते आणि डासांचं मलम तिला फारसं जुमानत नाही. खाकी, मातकट, फिकट हिरवा घ्या. पांढरा धुळीने तासाभरात लाल होतो. बेळगावच्या कॅम्पात मिळतात तसले लष्करी छापाचे कपडे मुळीच नकोत, विनाकारण चौकशी होते. एन्गोरोंगोरोच्या कड्यावर उंची 2300 मीटरच्या आसपास, जूनमध्ये रात्री चांगलीच थंडी असते. आफ्रिका म्हणून नुसते टी-शर्ट भरणाऱ्यांचे दात तिथं वाजतात.

मेधा_टिळकवाडी
आणि हिरवा चुडा? खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीच्या लोखंडी दांड्याला धरून उभं राहायचं असतं, काचेच्या बांगड्या फुटून मनगट कापतं. मोठे दागिने घरी, गळ्यात छोटं मंगळसूत्र पुरे. घरच्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे विमानतळावर रडारड नको.

सांबरा_रनवे
सामानाचा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना नडतो. सेरेनगेटीतून झांझिबारला जाणारी लहान विमानं माणशी 15 किलो घेतात, तेही हातातली बॅग धरून, आणि बॅग मऊ कापडीच हवी. पोटातला कप्पा छोटा आणि वेडावाकडा असतो, त्यात बॅग दाबून बसवतात. लग्नात आहेर आलेली नवी कोरी कडक ट्रॉली तिथं चालत नाही. जास्तीचं सामान आरुशात (सफारी सुरू होते त्या गावात) ठेवलं तर ते घ्यायला परत जावं लागतं, आणि तुमचं परतीचं विमान झांझिबारहून. म्हणून घरूनच 15 किलोत निघा.

तिकीट असं काढा: जाताना मुंबई ते किलिमांजारो, येताना झांझिबार ते मुंबई, एकाच बुकिंगमध्ये. आदिस अबाबामार्गे हे जमतं. दोन्हीकडे किलिमांजारोचंच काढलंत तर परत फिरण्यात एक दिवस आणि एक विमानभाडं वाया. बेळगाव-मुंबई मात्र वेगळं तिकीट असतं. जूनच्या पावसात सांबऱ्याला विमान उतरलं नाही तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या दिवशीच मुंबई गाठा, मग बसने का होईना.

चिकोडी_एक्सप्रेस
प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून बंदी. चिवडा, शंकरपाळ्या, मेतकूट काय न्यायचं ते डब्यात किंवा कापडी पिशवीत. विमानतळावर बॅग उघडून पिशव्या काढून घेतात.

डॉलर स्वच्छ, न फाटलेले, शाईचा ठिपका नसलेले, 2013 किंवा नंतरच्या छपाईचे. 2009 च्या आधीची नोट बहुतेक ठिकाणी नाकारतात. फॉरेक्सवाल्यासमोर एकेक नोट उलटून बघा, नंतर तो बदलून देत नाही. टिपेसाठी सुट्ट्या लहान नोटा ठेवा. गाईडला दिवसाला 15-20 डॉलर, गाडीमागे, माणशी नव्हे. प्लगला चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो. सिम तिथं पासपोर्ट दाखवून घ्या. एअरटेल तिकडेही आहे, पण आपलं एअरटेल तिथं रोमिंगच धरतं, भुलू नका.

खानापूरचा_गवा
शाकाहारी आहात काय? का नुसती माश्यांची काळजी?

निपाणीकर_अण्णा
शाकाहाराची अडचण नाही. आरुशात आणि झांझिबारला गुजराती वस्ती जुनी आहे. चपाती आणि सांबुसा तिकडच्या ठेल्यावरही मिळतात. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत महारागे म्हणजे राजम्यासारख्या घेवड्याची उसळ. आमच्या भाकरी-उसळीच्या माणसाला जमतंय. लॉजवाल्याला अंडं, मासा, चिकनस्टॉक नको हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. नुसतं "व्हेज" लिहिलं तर मासा ताटात येऊ शकतो.

मेधा_टिळकवाडी
आता समुद्र. झांझिबारचा पूर्व किनारा, पाजे-जांबियानी, फोटोत सुंदर, पण ओहोटीला पाणी खूप आत जातं, पायाखाली खडक आणि काटेरी समुद्री साळू. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर कित्येक तास पोहता येत नाही. जूनमध्ये आग्नेयेचा कुसी वारा पूर्वेला थेट लागतो; पतंगाच्या जोरावर लाटांवर पळणाऱ्यांना तो हवाच असतो, तुम्हाला नको असेल. उत्तरेला नुंग्वी-केंद्वाला भरती-ओहोटीचा त्रास कमी, दिवसभर पोहता येतं. गर्दी आणि रात्रीचं संगीत मात्र जास्त, म्हणून हॉटेल वस्तीपासून जरा बाजूचं घ्या. रबरी बूट दोन्हीकडे न्या. स्टोन टाउन, म्हणजे झांझिबारचं जुनं शहर, मुस्लिम वस्तीचं आहे, खांदे-गुडघे झाकलेले असावेत आणि रस्त्यात गळ्यात हात नकोत. किझिमकाझीची डॉल्फिन सफर टाळा, आठ-दहा होड्या एका कळपामागे लागतात. त्यापेक्षा म्नेम्बा बेटाजवळ स्नॉर्कलिंग करा, सकाळी लवकर निघा.

अनगोळकर
सगळ्यांचं ऐकून असं बसवलंय, जून 11 ते 21: आरुशा 1 रात्र, तारांगिरे 1, कारातू (क्रेटरजवळचं गाव) 1, सेरोनेरा 3, नुंग्वी 3, शेवटची रात्र स्टोन टाउन. गाडी दोघांचीच. एजंटचा नवा आकडा जमिनीवरच्या सफारीचा 4,300 डॉलर, दोघांचे. ठीक आहे?

चोर्ला_घाट
क्रम बरोबर. जंगल आधी, समुद्र नंतर, कारण पहाटे पाचला उठून धूळ खाल्ल्यावरच आराम लागतो. आकडा वावगा नाही, पण लेखी विचारा: उद्यानांची फी धरून का, व्हॅट धरून का, क्रेटरचे 295 आत आहेत का, किलोमीटरची मर्यादा आहे का. व्हॅट सोडून दर सांगायची पद्धत आहे, शेवटच्या बिलात 18 टक्के उगवतात. टांझानियातल्या फी बऱ्याचदा 1 जुलैला बदलतात, तुम्ही त्याआधी परतताय ते बरंच.

सेरेनगेटीची फी 24 तासांवर चालते, प्रवेशाच्या मिनिटापासून. नाबी हिल गेटला दुपारी 1 ला शिरलात तर तीन दिवसांचे पैसे चौथ्या दिवशी दुपारी 1 पर्यंत. तुमचं झांझिबारचं विमान त्यानंतर असेल तर आणखी एका दिवसाची फी लागू शकते, माणशी 70 डॉलर अधिक व्हॅट. एजंटला विमानाची वेळ आणि गेटची वेळ एकमेकांसमोर मांडायला सांगा. क्रेटरमध्ये सकाळी 6 ला पहिल्या गाड्यांत उतरा, दहानंतर गर्दी होते. आणि खाली जिराफ शोधू नका, कडे तीव्र आहेत, ते उतरत नाहीत. गेंडा मात्र तिथंच बघायचा.

सांबरा_रनवे
लहान विमान धावपट्टी-धावपट्टी थांबत जातं, माणसं घेत-सोडत. तिकिटावरची वेळ तासभर पुढे-मागे होते, कधी आरुशात विमान बदलावं लागतं. त्याच दिवशी झांझिबारहून मुंबईचं विमान धरण्याचा विचार कुणी देत असेल तर ऐकू नका. तुमच्या आराखड्यात मध्ये चार रात्री आहेत, त्यामुळे चिंता नाही. फक्त सेरोनेराच्या विमानाच्या वजनाची मर्यादा तिकिटावर छापून घ्या, काही कंपन्या जादा किलोचे पैसे घेऊन 20 पर्यंत नेतात, पण ते आधी बुक करावं लागतं, धावपट्टीवर मिळत नाही.

डॉ_हिंडलगा
लशीसाठी मुरगावला मेच्या आधी जाऊन या म्हणजे झालं. दोघांचे पासपोर्ट नंबर सर्टिफिकेटवर नीट उतरलेत का ते तिथंच खिडकीवर वाचून बघा, आकडा चुकला तर दुरुस्तीला पुन्हा घाट उतरावा लागेल.